सॅटेलाइटवरून ज्वालामुखी कसा बघतात: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियाच्या हायली गुब्बी या ज्वालामुखीची राख आपल्या देशावर आली तेव्हापासून माझ्या मोबाइलवर हेच प्रश्न येऊन राहिले. काही शाळेतल्या पोरांचे, काही शेतकऱ्यांचे, दोन-तीन वनमजुरांचे. मी गावात विज्ञान शिकवतो आणि रात्री झोपायच्या आधी अंदमानच्या बॅरन बेटाचा उष्णतेचा नकाशा एकदा उघडून बघतो, बऱ्याच वर्षांची सवय आहे. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं इथं एकत्र लिहून ठेवलं. नंबर यासाठी दिले की एकच गोष्ट दोनदा लिहावी लागू नये.

१. सर, सॅटेलाइट ज्वालामुखीचा फोटो काढते म्हणजे नेमकं काय करते? लाव्हा डायरेक्ट दिसते का?

फोटो म्हणण्यापेक्षा मोजमाप म्हणा. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरणं सोडत असते, आपलं अंग, गोठ्यातला बैल, विहिरीचं पाणी, सगळंच. वस्तू जेवढी तापते तेवढी किरणं वाढतात आणि त्यांची तरंगलांबी कमी होत जाते. लोहाराच्या भट्टीसमोर उभं राहून बघा, विळा तापायला लागला की आधी डोळ्याला काहीच कळत नाही पण हात जवळ नेला की धग लागते, मग तो काळपट लाल होतो, मग नारिंगी, मग पिवळा. आपल्याला दिसायच्या आधीची जी नुसती धग आहे ना, तीच सॅटेलाइट मोजतं.

२७ डिग्रीच्या साध्या जमिनीची किरणं १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास सगळ्यात जोरात असतात, आणि १००० ते ११०० डिग्रीच्या लाव्हाची २ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून सॅटेलाइटवर एकच कॅमेरा नसतो, वेगवेगळ्या तरंगलांबीच्या खिडक्या असतात, आणि या खिडकीतून किती आलं, त्या खिडकीतून किती आलं याची तुलना करूनच खाली काय आहे ते ठरवतात. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

२. पण ठिपका तर एक किलोमीटरचा असते म्हणे, मग त्यात छोटासा लाव्हा कसा काय सापडते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो, कागद-पेन घेऊन बसा.

चित्रातल्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १ किलोमीटर बाय १ किलोमीटरचा पिक्सेल म्हणजे १० लाख चौरस मीटर. त्यात समजा ३० बाय ३० मीटरचा तुकडा लाव्हानं भरलाय, म्हणजे ९०० चौरस मीटर, हजारातला एक हिस्साही नाही. बाकी सगळी जमीन २७ डिग्रीची आणि लाव्हा साधारण १००० डिग्रीच्या वर. आता ११ मायक्रॉनच्या खिडकीतून बघितलं तर लाव्हाचा एक चौरस मीटर गार जमिनीच्या एका चौरस मीटरपेक्षा अंदाजे ४५ पट उजळ असतो, त्यामुळे पूर्ण पिक्सेलचा उजेड फक्त ४ टक्क्यांनी वाढतो, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ४ मायक्रॉनच्या खिडकीतून तोच एक मीटर जवळपास १० हजार पट उजळ असतो. म्हणजे तेवढ्याशा तुकड्यानं पूर्ण पिक्सेल जवळपास १० पट उजळ होतो!

गंजभर वरणात चमचाभर तिखट टाकलं तर वरण वाढत नाही पण चव पार बदलते, तसं आहे हे. ११ मायक्रॉनची खिडकी वरण किती आहे ते मोजते, ४ मायक्रॉनवाली तिखट पकडते. दोन्ही आकडे एकत्र ठेवून पिक्सेलमधला गरम तुकडा अंदाजे किती मोठा आणि किती गरम हेही काढता येतं, ही पद्धत १९८१ पासून वापरात आहे. फक्त एक लक्षात ठेवा, खरा लाव्हा सगळाच लालभडक नसतो, हवा लागली की त्याच्यावर मिनिटांत काळी साय धरते आणि ती साय बरीच गार असते, म्हणून प्रत्यक्षातले आकडे माझ्या गणितापेक्षा कमी भरतात.

३. कोणकोणते सॅटेलाइट हे काम करतात? दिवसातून किती वेळा?

मोटामोटी दोन जाती आहेत. एक पृथ्वीभोवती फिरणारे. नासाच्या टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) वरचं मोडिस हे जुनं आणि भरवशाचं उपकरण, ठिपका १ किलोमीटरचा. मग सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) वरचं व्हिअर्स, ठिपका ३७५ मीटरचा. व्हिअर्सवाले हे तिन्ही एका जागेवरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात. त्याहून बारीक बघायचं तर युरोपचं सेंटिनेल-२, त्याच्या लाव्हा दाखवणाऱ्या खिडक्या २० मीटरच्या आहेत पण ते एका जागी ५ दिवसांनी येतं. लँडसॅट ८ आणि ९ मिळून ८ दिवसांनी.

दुसरी जात एकाच जागेवर थांबून बघणारी. आपलं इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस, दर अर्ध्या तासाला चित्र, पण उष्णतेचा ठिपका ४ किलोमीटरचा. जपानचं हिमावारी दर १० मिनिटांनी, २ किलोमीटर. म्हणजे बारीक बघणारं रोज येत नाही आणि सारखं बघणारं बारीक बघत नाही, म्हणून सगळे मिळूनच वापरावे लागतात.

४. आपल्या भारतात आहे का एखादा जिवंत ज्वालामुखी?

एकच, बॅरन बेट. अंदमानात, पोर्ट ब्लेअर म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून सुमारे १४० किलोमीटरवर समुद्रात. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून तो १९९१ ला पुन्हा फुटला, मग १९९४-९५ ला, आणि २००५ पासून तर थांबून थांबून चालूच आहे. जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच जहाजावर काम करत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर राख उडाली, संध्याकाळी लाल कारंजं दिसलं. सप्टेंबर २०२५ लाही छोटे उद्रेक झाले.

तिथं माणसाची वस्तीच नाही. नौदलाचं किंवा तटरक्षक दलाचं जहाज गेलं तर डोळ्यांनी दिसतं, एरवी रोजची नजर सॅटेलाइटचीच. जगात १३०० च्या वर ज्वालामुखी जागे होऊ शकतील असे आहेत आणि त्यातल्या कित्येकांवर जमिनीवरचं एकही यंत्र नाही.

५. लोणार हा ज्वालामुखीच ना?

नाही. ते उल्कापातानं झालेलं विवर आहे, साधारण १.८ किलोमीटर रुंद. तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडते जी फक्त भयंकर धक्क्यानंच बनते, ज्वालामुखीत बनत नाही. गोंधळ यासाठी होतो की उल्का ज्या दगडावर आदळली तो दगड मात्र लाव्हाचाच आहे (प्रश्न ६ बघा).

एकानं रात्रीचं थर्मल चित्र पाठवून विचारलं की सरोवर आजूबाजूपेक्षा गरम दिसून राहिलं, म्हणजे खालून तापतंय का? तसं काही नाही. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून रात्री जमीन गार पडली तरी पाणी उबदार असतं, तुमच्या गावचं धरण बघितलं तरी तसंच दिसेल. आणि जून २०२० ला पाणी गुलाबी झालं होतं ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, उष्णतेशी त्याचा संबंध नाही.

६. आपली काळी माती लाव्हाची म्हणतात. मग आपल्या वऱ्हाडात पुन्हा ज्वालामुखी फुटू शकते का?

माती लाव्हाची हे शंभर टक्के खरं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरावर थर लाव्हा पसरला, आज शिल्लक आहे तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. विहीर खोदताना काळा कडक दगड, मग भोकाभोकाचा मुरमाड थर, मग पुन्हा काळा कडक लागतो ना, ते एकेक लाव्हाचे थर आहेत. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहिलात तर समोर हे थर जिन्यासारखे दिसतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे बराचसा दगड वेगळा आणि याहून कितीतरी जुना आहे.

पण तो लाव्हा ज्या चुलीवरून आला ती चूल आता आपल्याखाली नाही. भूवैज्ञानिक असं मानतात की पृथ्वीच्या पोटातली ती गरम जागा तिथंच राहिली आणि आपला भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत आला. ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सगळ्यात चालू ज्वालामुखींपैकी एक आहे. त्याचा लाल ठिपका सॅटेलाइटच्या नकाशावर उमटतो तेव्हा मला दरवेळी वाटतं की आपल्या वावराची माय अजून चुलीपाशीच बसली आहे. पोरांना मी हे सांगतोच सांगतो.

उनकेश्वरच्या गरम पाण्याचंही लोक विचारतात. पाणी भेगांमधून खूप खोल जातं, खालच्या नैसर्गिक उष्णतेनं तापतं आणि वर येतं. ज्वालामुखी लागत नाही त्याला.

७. फर्म्सच्या नकाशावर आमच्या तालुक्यात लाल ठिपकेच ठिपके दिसून राहिले! घाबरायचं का?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. फर्म्स हा नासाचा आगीचा नकाशा आहे, मोडिस आणि व्हिअर्सला जिथं जिथं ४ मायक्रॉनला जास्त उजेड दिसला ते सगळं त्यावर येतं. ती आग कशाची हे ठिपका सांगत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे मध्ये दिसणारे ठिपके म्हणजे पेटवलेली पऱ्हाटी, गव्हाची धसकटं, मेळघाट आणि गडचिरोलीकडचे वणवे, मोहफुलं वेचायसाठी झाडाखाली पेटवलेला पाला. वणी-घुग्घुस-चंद्रपूर पट्ट्यात जे ठिपके वर्षभर त्याच त्याच जागी येतात ते आपोआप धुमसणारा कोळसा नाहीतर कारखान्यांच्या भट्ट्या.

मी स्वतः बघितलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही वावरातली पऱ्हाटी उपटून धुऱ्याजवळ तीन मोठे ढीग रचले आणि दुपारी एक वाजता पेटवले, मी मुद्दाम वेळ निवडली होती. ऊन इतकं की जाळ दिसतच नव्हता, फक्त हवा हलताना दिसत होती आणि अंगाला भाजत होतं. त्या संध्याकाळी नकाशा उघडला तर ठिपका होता, पण आमच्या धुऱ्यावर नाही, दीडएकशे मीटर पलीकडे शेजारच्या काकांच्या तुरीत. काका म्हणाले, "माह्या वावरात तं काडीबी नाही पेटली." बरोबरच होतं त्यांचं. नकाशावरचा ठिपका म्हणजे आगीची जागा नसते, तो पिक्सेलचा मधला बिंदू असतो, आग त्या चौकोनात कुठंही असू शकते. आणि आम्ही तेच ढीग सहा वाजता पेटवले असते तर रात्री दीडपर्यंत राख झाली असती आणि ठिपका आलाच नसता. म्हणून ठिपका बघून कोणावर आळ घेऊ नका ही कळकळीची विनंती, आधी जागेवर जाऊन बघा.

आता मी पऱ्हाटी जाळत नाही, कुट्टी करून शेतातच टाकतो. वणव्यासाठी मात्र हेच ठिपके फार कामाचे आहेत, देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था यावरूनच मोबाइलवर अलर्ट पाठवते, जंगलाला लागून गाव असेल तर नोंदणी करून ठेवा.

८. मग कम्प्युटर वणवा आणि ज्वालामुखी वेगळे कसे काढते?

खरं सांगायचं तर उष्णता बघून नाही, जागा आणि सातत्य बघून. हवाई विद्यापीठाची मॉडव्होल्क नावाची यंत्रणा ४ आणि १२ मायक्रॉनच्या उजेडाची वजाबाकी भागिले बेरीज करते, तो आकडा रात्री उणे ०.८ च्या वर गेला की पिक्सेलला गरम म्हणते. इटलीतल्या ट्यूरिन विद्यापीठाची मिरोव्हा ठरलेल्या ज्वालामुखींच्या आसपासच बघते आणि पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा किती वेगळा आहे तेही तपासते. पण ज्वालामुखीच्या उतारावरच्या जंगलाला वणवा लागला तर या यंत्रणाही फसू शकतात, मग माणसाला सेंटिनेल-२ चं बारीक चित्र उघडून बघावं लागतं.

फर्म्सच्या जुन्या, तपासलेल्या डेटात वणवा, ज्वालामुखी, कारखाना असे प्रकार लिहिलेले असतात. ताज्या, तीन तासांत येणाऱ्या डेटात ते नसतं. ही गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही.

९. दिवसाचं बघावं का रात्रीचं?

रात्रीचं. ४ मायक्रॉनच्या खिडकीत दिवसा सूर्याचा परावर्तित उजेडही शिरतो, समुद्रावर किंवा टिनाच्या मोठ्या छपरावर ऊन चमकलं तरी खोटा ठिपका येऊ शकतो. एकच रात्र बघू नका, पाठोपाठच्या तीन-चार बघा.

१०. मे महिन्यात आपल्याकडे ४७ डिग्री असते, काळी जमीन तर पाय ठेवू देत नाही. त्यानं सॅटेलाइट फसत नाही का?

चांगला प्रश्न. हवा ४७ असली तर उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० च्या वर जातो, आणि २७ डिग्रीच्या जमिनीपेक्षा त्याचा ४ मायक्रॉनचा उजेड तिपटीहून जास्त असतो. पण ११ मायक्रॉनलाही तो दीडपट होतो, आणि मुख्य म्हणजे पूर्ण तालुकाच तापलेला असतो, त्यामुळे एकटा पिक्सेल शेजाऱ्यांत उठून दिसत नाही. लाव्हा एकटा उठून दिसतो. तरी दुपारचे काही खोटे ठिपके निघतातच, त्यावर औषध प्रश्न ९ मध्ये आहे.

११. पावसाळ्यात ढगातून दिसते का?

नाही. दाट ढग असला तर सॅटेलाइटला ढगाचा गार माथाच दिसतो, खाली डोंगर पेटला तरी. बॅरन बेटाचे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे असे कोरडे जातात. त्यासाठी रडार लागतं. जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेलं नासा-इस्रोचं निसार ढगातून आणि अंधारातून बघतं, पण ते उष्णता मोजत नाही, जमीन किती फुगली-बसली ते मोजतं. दोन्ही माहित्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, जोडीला चालतात.

१२. हायली गुब्बीची राख कशी ओळखली? ढग तर सगळे सारखेच दिसतात.

२३ नोव्हेंबर २०२५ ला तो फुटला. इथिओपियाच्या अफार भागातला, अगदी दुर्गम, आणि त्याआधी त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. राख तांबड्या समुद्रावरून, येमेन-ओमानवरून दुसऱ्या दिवशी रात्री वायव्य भारतावर आली, काही विमानं रद्द करावी लागली.

ओळखायची युक्ती सोपी आहे. राखेत दगडाची, म्हणजे सिलिकाची पूड असते आणि ती ११ मायक्रॉनची किरणं १२ पेक्षा जास्त शोषते. पाण्याच्या आणि बर्फाच्या ढगाचं उलटं असतं. म्हणून दोन खिडक्यांच्या तापमानाची वजाबाकी केली की राख उणे येते आणि साधा ढग अधिक. राख फार दाट असेल किंवा तिच्यावर बर्फ चढलं असेल तर ही युक्ती चुकते, म्हणून सोबत सल्फर डायऑक्साइड वायूही मोजतात. जगात राखेचे इशारे देणारी नऊ केंद्रं आहेत, विमानांना सूचना त्यांच्याकडून जाते.

१३. ठिपका नाही म्हणजे ज्वालामुखी सुरक्षित, असं समजायचं का?

अजिबात नाही, आणि हे मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. २७ सप्टेंबर २०१४ ला जपानचा ओंताके शनिवारी दुपारी, डोंगर फिरायला आलेल्या लोकांनी भरलेला असताना फुटला आणि मृत व बेपत्ता मिळून ६३ माणसं गेली. ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाकारीवर २२ गेली. दोन्हीकडे मुख्य काम वाफेनं केलं, खालचं पाणी एकदम उकळून फुटलं, वर लाल लाव्हा आधी आलाच नव्हता. लाव्हा नाही तर ४ मायक्रॉनचा ठिपका कुठून येणार?

२०२१ मध्ये एक अभ्यास आला, त्यात मोडिसचा १६ वर्षांहून जास्त डेटा चाळून दाखवलं की काही ज्वालामुखींचा पूर्ण डोंगर उद्रेकाच्या काही वर्षं आधीपासून साधारण १ डिग्रीनं तापत गेला. आशादायक आहे. पण त्यावरून कोणत्या दिवशी फुटेल ते सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर तारखेसकट भाकीत आलं तर पुढं पाठवू नका.

१४. मिरोव्हावर मेगावॅट लिहिलेलं असते, ते वीज आहे का?

वीज नाही, लाव्हा दर सेकंदाला किती उष्णता किरणांच्या रूपात बाहेर फेकतो त्याचं माप. १ मेगावॅटच्या आत म्हणजे अगदी कमी, १० ते १०० मध्यम, १००० च्या वर खूप जास्त, १० हजारच्या वर अतितीव्र. अंदाज यावा म्हणून, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज बनवायची क्षमता सुमारे २९२० मेगावॅट आहे. या आकड्यावरून दर सेकंदाला किती लाव्हा बाहेर येऊन राहिला त्याचा अंदाजही काढतात.

१५. काल ठिपका मोठा होता, आज आकडा एकदम पडला. लाव्हा थांबला का?

थांबला असेलही, पण आधी हे तपासा. ढग होता का (प्रश्न ११). सॅटेलाइट तिरकस बघत होतं का, कारण मोडिसचा ठिपका कडेला ताणून २ बाय ५ किलोमीटरच्या जवळ जातो आणि उष्णता त्यात पातळ होते. अशाच तिरक्या चित्रात एकाच लाव्हाचे दोन ठिपकेही येतात आणि एखादा समुद्रात पडलेला दिसतो. लाव्हावर साय धरली का, कारण मग खालून वाहत असला तरी वरून गार दिसतो. आणि उलटंही होतं: उष्णता इतकी जास्त की सेन्सर भरून जातो. व्हिअर्सची ३७५ मीटरवाली खिडकी साधारण ९४ डिग्रीच्या पिक्सेलवरच भरते, त्यापुढचा आकडा तिच्यावरून कळत नाही, ७५० मीटरवाली बघावी लागते.

१६. घरी मोबाइलवर कसं बघू?

फर्म्सचा नकाशा उघडा, फुकट आहे. शोधायच्या चौकटीत १२.२७८ उत्तर आणि ९३.८५८ पूर्व टाका, हे बॅरन बेट. शेवटचे सात दिवस निवडा, मोडिस आणि व्हिअर्स दोन्ही चालू ठेवा. ठिपक्यावर बोट ठेवलं की वेळ येते, ती जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. रात्रीचा ठिपका असेल तर कोपर्निकस या युरोपच्या सॅटेलाइट चित्रांच्या वेबसाइटवर त्याच आठवड्यातलं सेंटिनेल-२ चं शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड (प्रश्न ३ मधल्या लाव्हा दाखवणाऱ्या खिडक्यांचं) चित्र काढा, ढग नसेल तर काळ्या शंकूच्या तोंडाशी लाल-पिवळा कण दिसेल. तो रंग कम्प्युटरनं दिलेला असतो, लाव्हाचा खरा रंग समजू नका.

दिसला तर मला नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, तारीख, वेळ, सॅटेलाइटचं नाव आणि ढग होता की नव्हता एवढं लिहून पाठवा, मी वहीत उतरवून घेतो.